कॅनडाच्या शेती-लिलावातले जुने लष्करी ट्रॅकवाले: ब्रेन कॅरियर आणि वीझल, घ्यावेत का?

सस्कॅचेवान, मॅनिटोबा, अल्बर्टा या प्रेअरी प्रांतांत जुन्या शेताचा लिलाव निघाला की यादीत कंबाईन, धान्याच्या कोठ्या, वेल्डिंग मशिन, तारेची भेंडोळी असं सगळं असतं. कधीतरी मध्येच एक ओळ दिसते: ‘आर्मी ट्रॅक्टर, चालू नाही, आहे त्या स्थितीत’. सोबतच्या फोटोत गवतात रुतलेला लोखंडी डबा असतो. बहुतेक वेळा तो फोर्डने ओंटॅरिओतल्या विंडसरला बनवलेला युनिव्हर्सल कॅरियर (ट्रॅकवर, म्हणजे चाकांभोवतीच्या लोखंडी पट्ट्यावर चालणारी, वरून उघडी लहान चिलखती गाडी), म्हणजे ज्याला सगळे ब्रेन कॅरियर म्हणतात तो, निघतो. क्वचित स्टुडबेकरचा एम-२९ वीझल, म्हणजे बर्फा-चिखलात चालणारी हलकी ट्रॅकवाली गाडी. हे परीक्षण या दोन गाड्यांचं, आणि तेही फक्त ‘लिलावातून उचलण्याजोगी वस्तू’ म्हणून.

निकाल आधीच सांगून टाकतो. कॅरियर घ्यावा, पण किंमत ट्रॅक, चाकं आणि हल (गाडीचा लोखंडी सांगाडा) बघून ठरवावी. इंजिन चालतं की नाही हा सगळ्यात शेवटचा प्रश्न. वीझल दिसायला लहान आणि सोपा वाटतो, पण हौशी माणसाचा खिसा जास्त तोच रिकामा करतो.

या गाड्या शेतात आल्या कशा? दुसरं महायुद्ध संपल्यावर कॅनडा सरकारच्या वॉर ॲसेट्स कॉर्पोरेशनने लष्करी सामान विकायला काढलं आणि शेतकऱ्यांनी ते स्वस्तात उचललं. कॅनडात सुमारे २९,००० कॅरियर बनले, त्यामुळे माल भरपूर होता. काहींनी बुंधे उपटायला, दलदलीतून लाकूड ओढायला ते वापरले. पुष्कळांनी मात्र त्यातलं व्ही-८ इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल काढून ट्रकला बसवला आणि उरलेला सांगाडा वारा अडवणाऱ्या झाडांच्या रांगेत ढकलून दिला. नांगरणीला कॅरियर कुचकामीच होता. गिअरबॉक्स ट्रकचा, त्यामुळे पहिल्या गिअरलाही वेग जास्त, आणि संथ ओढकामात रेडिएटर तापतो. त्याचा आज फायदा असा की कित्येक कॅरियर फार न चालता लवकर बाजूला पडले. ट्रॅकची खरी झीज कमी असलेला नग मिळू शकतो.

आता ओळख. सगळ्यात आधी एका बाजूची रबरी चाकं मोजा. तीन असतील, पुढे दोघांची एक बोगी (एकाच चौकटीवर बसवलेली जोडी) आणि मागे एकटं एक, तर तो युनिव्हर्सल कॅरियर. चार असतील तर दोन शक्यता. आत गोल स्टिअरिंग असेल तर विंडसर कॅरियर, म्हणजे कॅनडातच ७६ सेंटिमीटर लांब केलेली आवृत्ती. वळवायला लिव्हर असतील तर अमेरिकी फोर्डचा टी-१६. लिलाववाले तिघांनाही ‘ब्रेन कॅरियर’ म्हणून मोकळे होतात. फरक महत्त्वाचा आहे, कारण टी-१६ चं वळणाचं यंत्र पूर्ण वेगळं, कंट्रोल्ड डिफरन्शियलचं (एका बाजूला ब्रेक लावला की दुसरी बाजू वेगाने फिरवणारं), आणि त्याचे सुटे भाग युनिव्हर्सलला चालत नाहीत.

बाजूच्या पत्र्यावर रंगाचे पाच-सहा थर असतात. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हळू घासला तर खाली ‘सीटी’ने सुरू होणारा नंबर सापडू शकतो. कॅनडाच्या लष्कराने कॅरियरना दिलेला हा क्रम. तो सापडला तर गाडीची किंमत वाढते, म्हणून मालकाच्या परवानगीशिवाय लिलावाआधी घासू नका, आणि तो सापडू शकतो हे शेजारी उभ्या बोलीदाराला सांगूही नका. मागच्या बाजूला एकच मोठी टाकी बसवायच्या खुणा असतील तर नीट बघा. वास्प या आग फेकणाऱ्या कॅरियरच्या कॅनडीय मार्क-२सी प्रकारात ७५ गॅलनची एकच टाकी मागे बाहेर लावलेली असे. पण शेतकऱ्यानेही डिझेलची टाकी तिथेच लावलेली असू शकते. कारखान्यातली भोकं एका ओळीत, एका मापाची असतात. शेतातली भोकं गॅस कटरने पाडलेली, वेडीवाकडी असतात.

हल. बाजूचं चिलखत ७ ते १० मिलिमीटर जाडीचं. गंजाने ते खवलेदार होतं, पण सहसा आरपार जात नाही. तळाचा पत्रा मात्र बराच पातळ आहे आणि तिथे सत्तर-ऐंशी वर्षांची माती, उंदरांची घरटी आणि गव्हाचा भुसा साचलेला असतो. हा ओला थर पत्रा खातो. आतून काही दिसत नाही, म्हणून खाली वाकून टोकदार स्क्रू-ड्रायव्हरने तळ टोचत जा, विशेषतः ड्रायव्हरच्या पायाखाली आणि मागच्या कोपऱ्यांत. तळ नवा घालता येतो, त्याने घाबरू नका. घाबरायचं ते कापलेल्या बाजूंना. चढायला सोपं जावं म्हणून शेतकऱ्यांनी बाजू खाली कापल्या, किंवा मागची भिंत काढून पेटी केली. कोणी नंतर साधा पत्रा जोडून वर रंग मारला असेल तर कानस लावून बघा. साध्या लोखंडावर कानस धरते, चिलखतावर घसरते.

चिलखताला वेल्डिंग हे वेगळं प्रकरण. गावातल्या वेल्डरने साध्या रॉडने टाका मारला तर तो दिसायला छान दिसतो आणि थंड झाल्यावर टाक्याच्या कडेने केसासारखी चीर जाते. कार्बन जास्त असलेलं कडक पोलाद झटकन थंड झालं की ठिसूळ होतं, शिवाय रॉडमधल्या ओलाव्यातला हायड्रोजन आत अडकतो. उपाय: पत्रा आधी गरम करा, कोरडे लो-हायड्रोजन किंवा ३०९ जातीचे स्टेनलेस रॉड वापरा, टाके छोटे मारा आणि निवू द्या सावकाश. जुन्या दुरुस्तीच्या टाक्याशेजारी बोट फिरवून बघा. चीर नखाला लागते.

आता ट्रॅक, ज्यावर सगळा हिशोब आहे. कॅरियरचा ट्रॅक ओतीव लोखंडी कड्यांचा, दोन कड्यांच्या पिनांमधलं अंतर पावणेदोन इंच. सलग दहा कड्या ताणून मोजा: नव्या ट्रॅकला हे माप १७.५ इंच, म्हणजे ४४.५ सेंटिमीटर. पीन आणि तिचं भोक झिजलं की हे अंतर वाढतं. कडी लांब झाली पण स्प्रॉकेटचे (ट्रॅक ओढणाऱ्या मागच्या दातेरी चाकाचे) दात तेवढ्याच अंतरावर राहिले, की कडी दातावर चढते, कडकड आवाज येतो आणि जोरात वळताना ट्रॅक उतरतो. लोक मग आयडलर, म्हणजे ट्रॅक ताणणारं पुढचं चाक, पुढे सरकवून ट्रॅक घट्ट करतात. त्याने सैलपणा जातो, पण पिनांमधलं अंतर काही कमी होत नाही. एक-दोन कड्या काढून आयुष्य थोडं वाढवता येतं, पण दहा कड्यांचं माप अर्ध्या इंचाने वाढलेलं असेल तर नवा ट्रॅक धरूनच बोली लावा. स्प्रॉकेटचे दात बाजूने बघा. आकड्यासारखे वाकडे झिजलेले दिसले तर ट्रॅकही तसाच झिजलेला आहे, मोजायची गरज नाही.

मोजणीची एक अडचण. गंजलेला ट्रॅक ताणला जात नाही, कड्या आहेत त्या कोनात गच्च बसतात आणि माप चुकीचं, कमी येतं. म्हणून जमिनीला लागलेला सरळ तुकडा मोजा, तिथे कड्या सरळ असतात. जमिनीतला भाग मात्र ओल्या मातीत राहिल्याने सगळ्यात जास्त खाल्लेला असतो, तेव्हा तिथल्या कड्यांच्या कडा हाताने चाचपा. एखाद-दुसरी तुटकी कडी चालते. सलग पाच-सहा पातळ झालेल्या असतील तर तेवढा तुकडा दुसऱ्या गाडीवरून आणावा लागेल, आणि जुन्या-नव्या कड्या मिसळल्या की अंतराचा मेळ बसत नाही.

चाकांवरचं भरीव रबर थेट लोखंडी रिमवर चिकटवलेलं असतं. वरून भेगा दिसल्या तरी चालतं. महत्त्वाचं आहे ते रबर आणि रिम यांच्यामधला जोड. पातळ पट्टी त्या फटीत सरकवा. आत जात असेल तर पहिल्या काही किलोमीटरमध्ये रबर सालीसारखं सुटून येईल. चाकाला पुन्हा रबर चढवून देणारे कारखाने आहेत. पॉलियुरेथेन स्वस्त पडतं पण कडक असतं आणि गरम झालं की रिमपासून सुटतं, तेव्हा चालवायच्या गाडीला व्हल्कनाइज केलेलं रबरच बरं.

कॅरियरचं वळण हे त्याचं वैशिष्ट्य आणि लिलावात सगळ्यात दुर्लक्षित जागा. स्टिअरिंग थोडं फिरवलं की पुढच्या बोग्या ज्या आडव्या नळीवर बसवल्या आहेत ती नळी बाजूला सरकते, ट्रॅक धनुष्यासारखा वाकतो आणि गाडी सौम्य वळते. स्टिअरिंग आणखी फिरवलं की त्या बाजूच्या ट्रॅकला ब्रेक लागतो आणि गाडी झटक्यात वळते. ही आडवी नळी गंजून जाम होते. बाहेरून काहीच कळत नाही. शक्य असेल तर पुढची बाजू जॅकवर घ्या आणि स्टिअरिंग फिरवायला सांगा. दोन्ही बोग्या एकाच दिशेने सरकायला हव्यात. हलत नसतील तर जबरदस्ती करू नका, स्टिअरिंगची जोडणी तुटते आणि ती नवी सहज मिळत नाही. नळी सोडवायला उष्णता, भेदक तेल आणि काही आठवडे लागतात. ब्रेकने वळते म्हणून चालवत राहिलात तर सरळ रस्त्यावर प्रत्येक छोट्या दुरुस्तीला ब्रेक लागेल, अस्तर जळेल आणि गाडी डुलत जाईल.

इंजिनाबद्दल थोडक्यात, कारण भाग मिळतात. मूळचं फोर्डचं फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह हेडऐवजी ब्लॉकमध्ये असलेलं) व्ही-८, ३.६ लिटर, ८५ अश्वशक्ती. ते बदललेलं आहे का हे दुरूनही कळतं. युद्धकाळातल्या इंजिनाच्या हेडवर पाणी बाहेर पडायचं तोंड हेडच्या मध्यावर असतं. १९४९पासूनच्या इंजिनाचं तोंड पुढच्या टोकाला असतं आणि डिस्ट्रिब्युटर उभा असतो. बदललेलं असेल तर गाडी चालवायला वाईट नाही, पण अस्सलपणाचे पैसे देऊ नका. मोठा धोका प्रेअरीच्या थंडीचा. कोणी ब्लॉकमध्ये साधं पाणी ठेवून दिलं असेल तर पहिल्याच हिवाळ्यात ब्लॉक फुटलेला असतो. ब्लॉकच्या बाहेरच्या बाजूने, पाण्याच्या जागेवर, आडवी चीर शोधा. त्यावर डांबर किंवा एपॉक्सी फासलेलं दिसलं तर उत्तर मिळालं. आतली चीर बाहेरून दिसत नाही. एक्झॉस्टचे मार्ग ब्लॉकमधूनच जात असल्याने हे इंजिन मुळात तापट आहे, आणि व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरकडे जाणारी चीर ही त्याची जुनी दुखणी. हेड उघडल्याशिवाय ती कळत नाही, म्हणून ‘फिरतं आहे’ या शब्दावर जादा पैसे टाकू नयेत. इंजिन मोकळं करायचा प्रयत्न घरी नेल्यावर: प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल घाला, आठवडाभर मुरू द्या, मग क्रँकला लांब पाना लावून मागेपुढे. स्टार्टरने झटका दिला तर गंजून अडकलेला व्हॉल्व्ह वाकू शकतो.

डॅशबोर्डवरच्या युद्धकाळातल्या घड्याळांवर अंधारात चमकणारा रंग असेल तर तो रेडियमचा असण्याची शक्यता धरा. काच फोडायची नाही, घासायचं नाही, मुलांच्या हातात द्यायचं नाही. ब्रेकच्या जुन्या अस्तरात आणि एक्झॉस्टवरच्या गुंडाळ्यात ॲस्बेस्टस असतं, ते ओलं करूनच काढा.

वीझलकडे येऊ. स्टुडबेकरने अमेरिकेत इंडियानातल्या साउथ बेंडला बनवलेली ही गाडी मूळ कल्पनेत नॉर्वेच्या बर्फावर छापे घालायला होती. एकूण सुमारे १५,००० बनल्या. ५१ सेंटिमीटर रुंद ट्रॅकमुळे ती बर्फावर आणि चिखलावर तरंगल्यासारखी जाते, जमिनीवरचा तिचा दाब उभ्या माणसाच्या पावलापेक्षा कमी. युद्धानंतर ध्रुवीय मोहिमांनी ती वापरली ती त्यामुळेच. इंजिन स्टुडबेकर चॅम्पियन मोटारीचं, सहा सिलिंडर, २.८ लिटर, आणि त्याचे भाग अजून मिळतात.

दुखणं ट्रॅकमध्ये. वीझलचा ट्रॅक कड्यांचा नाही. पोलादी तारा घातलेले अखंड रबरी पट्टे, आणि त्यांवर आडव्या बोल्टने बसवलेल्या पोलादी पट्ट्या. रबर वाळतं, पाणी आत शिरतं, तार आतल्या आत गंजते. बाहेरून पट्टा सुंदर दिसतो आणि पहिल्या ताणाला तुटतो. परीक्षा अशी: पट्टा स्प्रॉकेटभोवती जिथे वळतो तिथे टॉर्च मारा. वळणावर भेगा उघडून आत तपकिरी डाग दिसले तर तारेचं आयुष्य संपलं. शेतकऱ्यांनी कन्व्हेयरचा पट्टा कापून लावलेला असतो. तो चालतो, पण लांबतो, आणि लांबला की स्प्रॉकेटशी मेळ जातो. आडव्या पट्ट्यांना बोल्टच्या भोकांजवळ चिरा पडतात, त्या प्रत्येक पट्टीवर वेगळ्या बघाव्या लागतात. दोन्ही बाजूंचे ट्रॅक नवे करायचे म्हणजे गाडीच्या किंमतीएवढा, कधी जास्तही खर्च.

पाण्यात तरंगणारा एम-२९सी असेल तर पुढे-मागे पोकळ पेट्या, मागे दोन सुकाणू आणि पुढच्या डेकवर कॅप्स्टन विंच (दोर गुंडाळून ओढायचा उभा ढोल) असायला हवी. शेतावर वजन नको म्हणून बऱ्याच जणांनी पेट्या कापून टाकल्या. त्यामुळे ‘साधा एम-२९’ म्हणून विकला जाणारा नग मुळात ‘सी’ असू शकतो. कडेने कापल्याच्या खुणा आणि सुकाणूच्या जागा शोधा. हल साध्या पातळ पत्र्याचा, तळ वरून ठिगळं किंवा पुट्टी लावून दुरुस्त केलेला असू शकतो, तेव्हा आतून चुंबक फिरवा, पुट्टीवर तो धरत नाही. वीझलच्या कंट्रोल्ड डिफरन्शियलमध्ये एका बाजूला ब्रेक लावला की दुसरी बाजू वेगाने फिरते. ब्रेकचे पट्टे तेलात भिजले किंवा जळले असले की गाडी एकाच बाजूला वळते. लिव्हर ओढल्यावर किती मागे येतो ते बघा. शेवटपर्यंत सहज येत असेल तर अस्तर संपलंय.

यादीत तिसरंच काहीतरी दिसलं, वीझलसारखं रुंद ट्रॅकचं पण मागे इंजिन असलेलं, तर थांबा. ती बर्फावरच्या गाड्या बनवणाऱ्या बॉम्बार्डिएच्या रचनेची, कॅडिलॅकचं व्ही-८ असलेली चिलखती स्नोमोबील असू शकते. ती शेकड्यांतच बनली. तिची स्थिती कशीही असली तरी बोली लावायच्या लायकीची.

शेवटी व्यवहार. शेती-लिलाव ‘आहे तिथे, आहे तसं’ असतो. परत करणं नाही, हमी नाही. बोलीच्या वर खरेदीदाराचं कमिशन आणि कर लागतात, त्यामुळे तुमची कमाल रक्कम त्यांच्यासकट ठरवा. लिलावाच्या आधीच्या पाहणीच्या दिवशी जा, फोटोवरून घेऊ नका. रोपटी आणि गवत कापून ट्रॅकचा खालचा भाग मोकळा करायची परवानगी आधी मागा. ट्रॅकवाल्या गाडीला सहसा रस्त्याची नोंदणी नसते. विक्रीची पावती हाच कागद, तेव्हा तिच्यावर हलवरचा किंवा पाटीवरचा नंबर लिहून घ्या, नुसतं ‘आर्मी ट्रॅक्टर’ नको. सीमेपलीकडे अमेरिकेत न्यायची असेल तर निर्यात आणि आयात परवान्यांची चौकशी बोलीच्या आधी करा, नंतर नाही. चिलखती वाहन दोन्ही देशांत लष्करी मालाच्या नियमांत येऊ शकतं.

नेताना कॅरियरचं वजन साडेतीन ते चार टन धरा. जाम ट्रॅकची गाडी नुसती ओढली तर स्प्रॉकेटचे दात आणि मातीत रुतलेल्या कड्या तुटतात, आणि चांगला ट्रॅक याच पाच मिनिटांत वाया जातो. त्यापेक्षा आदल्या दिवशी आयडलरचा ताण सैल करा, एक पीन ठोकून काढा, ट्रॅक मोकळा करून गुंडाळा आणि गाडी उघड्या चाकांवर विंचने ट्रेलरवर चढवा. खाली जाड फळ्या टाका, नाहीतर चाकं मऊ मातीत पुन्हा रुततात.  साखळ्या चार, चारही कोपऱ्यांना तिरप्या, आणि बोगीला न बांधता हलच्या ओढायच्या कड्यांना. बोगीला बांधलं तर स्प्रिंग दबते, रस्त्यात साखळी सैल पडते.